कोटाच्या खिशातलं वाळवंट

कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मालकांना सगळे डॉक्टर म्हणत. शिक्षण म्हणाल तर बेताचंच, पण डागाची तपासणी ते अशा थाटात करत की समोरच्याने आपसूक जीभ बाहेर काढावी. शर्ट काउंटरवर आला की कपाळावरचा चष्मा नाकावर यायचा, डाग उजेडात धरला जायचा, नखाने हलकेच खरवडून त्याचा वास घेतला जायचा आणि मग प्रश्न सुरू. "कधी पडला? घरी काही चोळलंत का? खरं सांगा." गिऱ्हाईक खाली मान घालून लिंबू चोळल्याचं कबूल करायचं. डॉक्टर सुस्कारा सोडून म्हणायचे, "आधी आणायला हवा होतात." डाग अर्थातच जायचा. पण सुस्कारा हा उपचाराचाच भाग होता, आणि तो त्यांनी कधी चुकवला नाही.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची. काकू कपडे मोजून घ्यायच्या, नंबराची चिठ्ठी टाचायच्या, खिसे तपासायच्या, आणि बोलण्याचं खातं नवऱ्याकडे सोपवून मागच्या खोलीत मशिनपाशी जायच्या. खिशांच्या बाबतीत त्यांचा नियम फार कडक. खिशात जे सापडेल ते, मग तो सोन्याचा डूल असो की चघळून कागदात गुंडाळलेलं च्युइंगगम, लहानशा पाकिटात घालून, कपड्याला टाचून परत जायचं. "कुणाला कशाची किंमत, आपल्याला काय माहीत?" असं त्या म्हणत. ह्या नियमापायी एका नवरदेवाचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. नियम मात्र मोडला नाही.

तर ह्या लाँड्रीतलं मोठं मशिन म्हातारं झालं. मेकॅनिकने त्याचं पोट उघडून आत बॅटरी मारली आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यात ड्रम काढून कारखान्यात न्यावा लागेल, आठवडाभर दुकान बंद ठेवायची तयारी करा. "तोवर चालवा," तो म्हणाला, "फक्त जरा आरडाओरडा करेल." मशिन आधीच एवढं ओरडायचं की मागच्या खोलीत उभं राहिलं तर दातसुद्धा थरथरायचे. आता त्यात भर पडली ती अधूनमधून एका लोखंडी किंकाळीची.

डॉक्टर मशिनच्या काळजीत असताना काकू शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं. आठ दिवस मोकळे मिळतायत तर कुठेतरी लांब जाऊ या. दोघंच."

डॉक्टरांना मशिनपेक्षा मोठी काळजी लागली.

गैरसमज नको. डॉक्टर चिक्कू नव्हते, आणि विमानालाही घाबरत नव्हते. त्यांना भीती वाटली ती त्या 'दोघंच'ची. लग्न झालं त्याच वर्षी दुकान टाकलं होतं आणि तेव्हापासून नवरा-बायकोचं सगळं बोलणं कुणा ना कुणाच्या कपड्यांवरून चालत आलं होतं. ह्याची कॉलर, तिची झालर, त्याच्या बाहीवरची शाई. मुलगी लग्न होऊन परगावी गेली, तेव्हा दोघं एकदा हॉटेलात जेवायला गेले होते. वाढप्याच्या कोटावरचा डाग ग्रेव्हीचा की गंजाचा ह्यावर छान रंगलेली चर्चा झाली, पण वाढपी आत निघून गेला आणि मग जेवण येईपर्यंत दोघं मिठाच्या बाटलीकडे बघत बसले. ती शांतता डॉक्टर अजून विसरले नव्हते. तासाभराची ती गत, तर आठ दिवसांची काय? चौथ्या दिवशी बायकोच्या लक्षात येईल, की आपल्या नवऱ्याच्या डोक्यात डाग सोडून दुसरं काहीच नाही. आणि एकदा लक्षात आलं, की ते कुठल्या पावडरने निघायचं?

आता बायकोला सरळ 'नको' म्हणणं हे शहाण्या नवऱ्याचं लक्षण नव्हे. म्हणून डॉक्टर म्हणाले, "जाऊ की! पण कुठे, ते नीट ठरवू."

समोरच्या फुटपाथवर एका तरुण मुलीचं दुकान होतं. ती फक्त अरब देशांच्या सहली काढायची, म्हणून गल्लीत तिला टूरवाली म्हणत. तिची जाकिटं ह्याच लाँड्रीत धुतली जात. काकूंनी विचारायचा अवकाश, दुसऱ्या दिवशी जाकिटाबरोबर रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठाच काउंटरवर आला. मनोरे, बाजार, निळे दरवाजे, उंट. सकाळी मशिन सुरू करण्याआधी दोघं चहा घेत, तेव्हा काकू एकेक देश उघडून नवऱ्यापुढे सरकवू लागल्या.

डॉक्टरांनी देश निकालात काढायला सुरुवात केली. पुरावे त्यांच्यापाशी होतेच, कारण सहलीहून आलेले कपडे शेवटी येतात कुठे?

"मोरोक्को?" काकूंनी विचारलं.

"रंग सुटतो," डॉक्टर म्हणाले. "त्या मास्तरीणबाईंचा निळा स्कार्फ आठवतो ना? बॅगेतले सगळे पांढरे शर्ट निळे करून आला होता. ज्या देशाचा रंग पक्का नाही तिथे जाऊन काय भरवसा?"

"इजिप्त?"

"कॉलर बघितलीस तिथून आलेल्यांची? आतून राखाडी पट्टा. आणि उंटाचा वास. केमिस्टची पँट तीनदा धुतली, तरी पावसाळी हवेत उंट हजर होतोच."

ट्युनिशियावर ऑलिव्ह तेलाचा ठपका होता. ओमानमध्ये लोबानाचा धूर लोकरीत असा काही शिरतो, की स्वेटर घालून माणूस देवळात बसल्यासारखा दिसतो, असं डॉक्टरांचं मत पडलं. वास दिसतो कसा, हे काकूंनी विचारलं नाही. देशांमागून देश धारातीर्थी पडत होते आणि डॉक्टरांचा चहा दिवसेंदिवस जास्त गोड लागत होता.

वरच्या मजल्यावर डॉक्टरांची थोरली बहीण राहायची, अक्का. ह्या बाईंना बोलायला श्रोता लागत नसे, भिंत चालायची. एके सकाळी त्या कपभर चहासाठी खाली आल्या आणि भावाचा निवाडा ऐकून म्हणाल्या, "अरे, जन्मभर ह्या काउंटरमागून उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता एकदा खऱ्या उंटावर बस की! मला विचारलं असतं तर मी बॅग भरून दारात उभी राहिले असते. आमचे हे गेले तेव्हापासून मी ह्या जिन्यापलीकडे गेलेली नाही. आणि उंटाचं म्हणशील तर..." उंटाचं पुढे बराच वेळ चाललं.

अक्का वर गेल्यावर काकूंनी गठ्ठ्यातलं एकच पत्रक बाजूला काढलं. आत लाल वाळूचा समुद्र होता आणि त्यात चिमूटभर तंबू.

"जॉर्डन," काकू म्हणाल्या. "वाळवंटात राहायचं. मागे त्या फोटोग्राफर बाई आल्या होत्या ना, त्यांच्या पँटच्या घडीत अशी लाल वाळू सापडली होती. पाकिटात घालून दिली तर त्यांनी ती परत घेतली आणि छातीशी धरली. म्हणाल्या, काकू, तिथे इतकं शांत असतं की आपला श्वास आपल्याला ऐकू येतो." त्यांनी पत्रक नवऱ्यापुढे सरकवलं. "मला तिथे जायचंय."

इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी 'आपण घेऊ या' म्हटलं होतं, 'मुलीला हवंय' म्हटलं होतं. 'मला' ह्या शब्दाने सुरू झालेलं त्यांचं वाक्य डॉक्टरांना काही आठवेना. त्यांना बायकोची माया आली. आणि त्याच दमात घामही फुटला. मिठाच्या बाटलीसमोरची शांतता तासाभराची होती. इथे तर शांतता हीच बघायला जायचं होतं. बघण्यासारखं दुसरं काही नाही, आणि वाढपीसुद्धा नाही.

"त्यापेक्षा दुबई," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "चांगली चाळीस जणांची टोळी असते. बसमध्ये माइक फिरतो, प्रत्येकाने काहीतरी म्हणून दाखवायचं. जेवायलासुद्धा लांबच्या लांब टेबलं. कंटाळा म्हणून येणार नाही."

"दुबईच्या अत्तराचे डाग जन्मात निघत नाहीत, असं परवाच म्हणालात."

"निघतात. जरा वेळ लागतो."

"इथे काय आवाज कमी आहे, की तो ऐकायला तिथे जाऊ?" एवढंच बोलून काकू उठल्या आणि मशिनचं बटण दाबलं. लोखंडी किंकाळी फुटली. टूरवालीला नावं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवी होती.

भित्यापोटी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. गुरुवारी दुपारपर्यंत डॉक्टरांच्या डोक्यात त्या ब्रह्मराक्षसाने बिऱ्हाड केलं होतं. त्यातच काउंटरवर हेडसरांचा करडा कोट येऊन पडला. शाळेचे हेडसर नुकतेच जॉर्डनला जाऊन आले होते आणि ते प्रार्थनेनंतर, मधल्या सुट्टीत आणि न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा सर्वांना सांगत होते. शाळेचा शिपाई कोट टाकून गेला. काकू जेवायला वर अक्कांकडे गेल्या होत्या. आणि समोर, नव्या इमारतीच्या बांधकामापाशी, वाळूचा ढीग उन्हात चमकत पडला होता.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. आयुष्यभर ज्या माणसाने लोकांच्या कपड्यांतली घाण काढली, तो भर दुपारी इकडेतिकडे बघत रस्ता ओलांडून गेला, दोन मुठी वाळू रुमालात बांधून घेऊन आला आणि ती एका सभ्य गृहस्थाच्या कोटात भरू लागला. बाहेरचे खिसे, आतला खिसा, चष्म्याचा खिसा. अस्तराची उसवलेली शिवण दिसली, तर डॉक्टरांनी तीही उपाशी ठेवली नाही.

काकू जिना उतरून आल्या तशी डॉक्टरांनी हाक मारली. "अगं, बघ, बघ! हेडसरांचा कोट. जॉर्डनहून आलेला!" त्यांनी कोट काउंटरवर उलटा धरून झटकला. वाळू अशी भसाभसा पडली की शेजारच्या शर्टांना हलवावं लागलं. "हे तुझं वाळवंट! खिशात ही, तर नाकातोंडात किती गेली असेल? अंथरुणात वाळू, चहात वाळू. हेडसर धडधाकट माणूस म्हणून निभावलं. तुला तर धुळीने शिंका येतात."

काकूंनी चिमूटभर वाळू घेतली, बोटांत चोळली, उजेडात धरली. डॉक्टरांकडून शिकलेली रीत होती ती.

"बराच त्रास झालेला दिसतो हेडसरांना," त्या म्हणाल्या, आणि पाकिटं काढायला खण उघडला.

डॉक्टरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. खिशात जे सापडेल ते परत! एका पाकिटात ती मावेना, तेव्हा काकूंनी चार पाकिटं भरली, त्यांची तोंडं चिकटवली आणि कोट स्वच्छ होऊन आल्यावर तो हँगरला लावून चारही पाकिटं छातीवर ओळीने टाचली. पदकं मिळालेल्या सेनापतीसारखा तो कोट पहिल्या दांडीवर लटकत राहिला.

"अगं, वाळू कशाला परत द्यायची?" डॉक्टरांनी क्षीण आवाजात म्हणून पाहिलं.

"कुणाला कशाची किंमत, आपल्याला काय माहीत?" काकू म्हणाल्या.

सकाळी लवकर येऊन पाकिटं गुपचूप काढून टाकायची, असं डॉक्टरांनी मनोमन ठरवलं. पण शुक्रवारी शाळेत बक्षीस समारंभ होता, आणि डॉक्टर कुलूप काढत होते तेव्हा हेडसर पायरीवर उभेच होते.

"हे काय लावलंय?" हेडसरांनी पाकिटाला बोट लावत विचारलं.

"तुमच्या खिशातली वाळू, सर," काकू म्हणाल्या. "जॉर्डनची."

"जॉर्डनची? हा कोट कशाला जाईल जॉर्डनला? हा शाळेत माझ्या खोलीत खुंटीला असतो. पाहुणे आले की चढवतो, गेले की उतरवतो." हेडसरांनी एक पाकीट फोडलं आणि वाळू तळहातावर घेतली. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "आठवी ब!"

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"आठवी ब शिवाय हे कुणाचं काम नाही. गेल्या वर्षी माझ्या छत्रीत बेडूक ठेवला होता. आता बघतो. आज बक्षिसं वाटून झाली की सगळा वर्ग उन्हात उभा. आणि त्यांची सहल! पुढच्या आठवड्यात सहलीला जायचंय म्हणून नाचतायत. रद्द! सगळ्यांचीच रद्द!"

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. डॉक्टरांना आठवी ब मधली दोन-तीन कार्टी चांगली ठाऊक होती. त्यांच्या शर्टांवरची शाई त्यांनीच काढली होती. गप्प राहिलं तर आपली अब्रू वाचत होती. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू हातातली चिठ्ठी सरळ करत होत्या आणि अजिबात वर बघत नव्हत्या.

"सर," डॉक्टर म्हणाले, "वाळू मी घातली."

"तुम्ही?"

"हो."

"का?"

ह्या प्रश्नाला डॉक्टरांपाशी उत्तर होतं, पण ते हेडसरांना सांगण्यासारखं नव्हतं. ते खाली बघत उभे राहिले. उभ्या हयातीत हेडसरांनी असा खाली बघत उभा राहिलेला माणूस म्हणजे विद्यार्थीच पाहिला होता, त्यामुळे त्यांचं तोंड सवयीने सुरू झालं. "लाज नाही वाटत? चांगल्या घरातले ना तुम्ही? घरी कळलं तर काय म्हणतील?"

"घरी कळलंय," डॉक्टर पुटपुटले.

"पुन्हा करणार?"

"नाही सर."

हेडसर कोट घेऊन गेले. आठवी ब ची सहल वाचली, आणि दुकानात फक्त नवरा-बायको उरली.

"समोरच्या ढिगातली आहे, हे कालच कळलं होतं मला," काकू म्हणाल्या. "वाळवंटात विटेचा तुकडा कुठून येणार?"

"मग काल का नाही बोललीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल." काकूंचा आवाज चढला नाही. चढला असता तर डॉक्टरांना जरा बरं वाटलं असतं. "माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं तोंडाने सांगायचं. त्यासाठी लोकांच्या कोटात माती कालवायची गरज नव्हती. तुम्ही राहा इथे. मी अक्कांना घेऊन जाते."

आणि त्या खरंच वर जाऊन अक्कांना सांगून आल्या. पाठोपाठ वरून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग कपाटाची दारं, मग जिन्यावरून अक्का स्वतः. "अगं, तू अजिबात काळजी करू नकोस," त्यांनी वहिनीचे दोन्ही हात धरले. "मी आहे ना! तुला तिथे घडीभर एकटं वाटू देणार नाही. रात्री झोप आली नाही तरी मी बोलत बसेन. मला तंबूत कुठे झोप लागतेय! आमच्या ह्यांच्या आजारपणाची सगळी हकिकत तुला अजून नीट सांगायची राहिलीच आहे. मागे सुरुवात केली होती, पण तेव्हा दूध उतू गेलं."

काकू हसून "हो हो" म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा डॉक्टरांनी पाहिला. ज्या शांततेसाठी ह्या बाईने जन्मात एकदा 'मला' म्हटलं होतं, तिच्यावर नवऱ्याच्या एका मूर्खपणामुळे अक्कांचा बोळा फिरणार होता. डॉक्टरांना स्वतःचा मनस्वी राग आला. सकाळभर त्यांनी एकाही डागावर सुस्कारा सोडला नाही. एका बाईंना तर इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं, की "जाईल ना हो?" असं त्यांनी तीनदा विचारलं.

दुपारी गिऱ्हाइकी ओसरली तसे डॉक्टर मागच्या खोलीत गेले. मशिन भरधाव चाललं होतं. काकू पाठमोऱ्या उभ्या राहून इस्त्री करत होत्या, वाफेने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. डॉक्टर बाजूला जाऊन उभे राहिले आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघत, एकदाचं, बोलले. सगळं बोलले. की मला तुझ्याबरोबर यायचं नाही असं नाही. यायचंय. पण तिथे कपडे नसतील, गिऱ्हाईक नसेल, मग मी बोलू काय तुझ्याशी? माझ्यापाशी दुसरं आहे काय? तुला ते कळलं, की तुझ्या नजरेतून मी उतरेन, आणि ते मला सोसणार नाही. असं सगळं. बोलून झाल्यावर त्यांनी हिंमत करून बायकोकडे पाहिलं.

काकूंनी मान हलवली.

"दुसऱ्या दांडीवर," त्या म्हणाल्या. "निळ्या पडद्यांच्या मागे."

मग डॉक्टरांनी जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. ड्रममध्ये अर्धवट धुतलेले कपडे फिरत असताना जाऊन मशिनचं बटण बंद केलं. ड्रम दोन-चार वेळा कण्हला आणि थांबला.

"काय झालं? बिघडलं का?" काकूंनी इस्त्री उभी केली.

"नाही. मी बोलत होतो."

"हो ना. सांगितलं की, दुसऱ्या दांडीवर..."

"मी पडद्यांबद्दल बोलत नव्हतो."

आता ते सगळं पुन्हा बोलायचं होतं, आणि तेही आवाजाच्या आडोशाशिवाय. शांत खोलीत मोठ्याने बोलता येईना आणि हळू बोलावं तर प्रत्येक शब्द नागडा ऐकू येई. तरी डॉक्टर बोलले. पहिल्याइतकं सुंदर जमलं नाही. मिठाच्या बाटलीपाशी दोनदा अडखळायला झालं, आणि शेवटी तर नुसतंच, "मला भीती वाटते गं," एवढंच निघालं.

काकू कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, आणि डॉक्टरांना वाटलं, रडवलं बायकोला. पण काकू हसत होत्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

"अहो, मला तुमचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही."

"कधीपासून?"

"मशिन आलं तेव्हापासून. तुम्ही मधल्या दारात उभे राहून काहीबाही सांगत असता. मी तुमच्या भुवयांकडे बघते. वर गेल्या की 'हो का' म्हणते, खाली आल्या की 'अरेरे'. घरी जातो तेव्हा तुमचा घसा बसलेला असतो आणि माझे कान. आणि इथे गिऱ्हाइकं हसत हसत बाहेर पडतात. म्हणतात, काकू, डॉक्टर काय गमतीचं बोलतात हो! मी म्हणते, हो ना. मला काय माहीत तुम्ही काय बोललात ते? इतकी वर्षं लोक माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकून जातायत आणि मी मागे उभी. हेवा वाटतो मला त्यांचा." त्यांनी नाक ओढलं. "म्हणून शांत जागा शोधत होते. दृश्यं बघायला कोण जातंय? तुम्हाला ऐकायला चालले होते मी."

मग डॉक्टरांमधला डॉक्टर जागा झाला.

"मग काय काय ऐकायचं राहिलंय तुझं?"

"ते मला कसं कळणार?"

हे मात्र खरं होतं. दोघंही इतकी हसली की वरून अक्कांनी "काय गं, काय झालं?" म्हणून विचारलं. काकूंनी तोंडाला पदर लावला.

"अक्कांना कोण सांगणार? बॅग भरलीये त्यांनी."

"मी सांगतो," डॉक्टर म्हणाले. "मशिन चालू करून."

"काहीतरीच! नीट सांगा. आल्यावर त्यांना घेऊन कुठेतरी जाऊ म्हणावं, दुबईला. माइक फिरतो ना तिथे?" मग काकू जरा पुढे झुकल्या. "पण खरंच, असं काही सांगितलं होतं का, जे मी ऐकायला हवं होतं?"

डॉक्टरांना एक संध्याकाळ आठवली. दुकान टाकून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, मशिन नवंकोरं होतं, आणि ह्याच टेबलापाशी काकू अशाच घामाघूम होऊन इस्त्री करत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता दारात उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं होतं, की तू माझ्या वाट्याला आलीस ह्यावर माझा अजून विश्वास बसत नाही, रोज सकाळी उठून आधी मी तू आहेस ना ते बघतो. काकूंनी मान हलवली होती आणि म्हणाल्या होत्या, "झाले. उद्या देते." तेव्हा डॉक्टर ओशाळून काउंटरवर परत गेले होते. बायकोला असलं बोलणं आवडत नाही, अशी त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली आणि त्यानंतर डाग सोडून दुसऱ्या विषयाला हात घातला नाही.

"काय?" काकू म्हणाल्या. "आठवलं ना काहीतरी? भुवया वर गेल्यात तुमच्या. सांगा."

"इथे नको."

"मशिन बंद आहे की."

"तरी नको," डॉक्टर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "तिथे सांगतो."

काकूंनी उठून, हात पुसून टूरवालीला फोन लावला.

"अगं, आमची दोन नावं घे. हो, जॉर्डनच. दोघंच," त्या म्हणाल्या. "आणि तंबू जरा आतल्या बाजूचा दे हं. रस्त्याकडच्यांना म्हणे गाड्यांचा आवाज येतो."